पिंपातलं पाचवं पुस्तक

१२ जानेवारी, सोमवार
सकाळपासून तेच डोळ्यांपुढे. माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष, अंगणात माई आणि मी आमसुलं घालतोय. चार हात मनगटापर्यंत लाल. माझ्या तोंडून कॉन्व्हेंटातल्या सवयीनं इंग्रजीत काहीतरी निघून गेलं. थोरल्या जावेसमोर! जीभ चावली. माई म्हणाली, "परत बोल गो शालिनी. बरां वाटता आयकाक."
बोलले नाही. लाजले. तेव्हा शिकवायचं सुचलंही नाही. चाळीस वर्षं एका चुलीवर, आता दोघीच उरलो.
आज प्रसादचा, तिच्या मुलाचा, कॅनडाहून फोन. माईचे कागद झाले. शिमगा झाला की नेणार. किती दिवस, विचारलं. "काकी, आता आईनं आमच्याकडेच राहावं."
बरोबरच आहे. बरोबरच आहे, पण

१४ जानेवारी, बुधवार
तिळगूळ झाला. माईचा इंग्रजीचा अभ्यास चुकला नाही.
प्रसादची मीरा आठ वर्षांची, मराठीचा गंध नाही. तिच्यासाठी हे सगळं. गणपतीत मी माझं जुनं व्याकरण काढलं तर माई दुसऱ्या पानावर पेंगली. मग मीराची लाडकी ती बेटांची पुस्तकं, पाच, आणि त्यांचे पाच सिनेमे. रात्री जेवणं आटोपली की एक तुकडा सिनेमा बघायचा, मग तेवढंच पुस्तकातून बोट ठेवून वाचायचं. माई म्हणते, "ह्यो दशावतारच. तो काळो राजा म्हणजे संकासूर. गोष्ट कळली की भाषा मागसून येता."
चौथं संपत आलंय. पाचवं प्रसाद पाठवणार. माईचा पण: पाचवं वाचून झाल्याशिवाय विमानात बसायचं नाही.

१९ जानेवारी, सोमवार
माई बांगडे आणायला बाजारात गेली होती. कुरिअरवाला आला. पाचवं पुस्तक, विटेएवढं जाड.
उकड्या तांदळाच्या दुसऱ्या पिंपात खुपसलं. ते आम्ही पावसाळ्याशिवाय उघडत नाही. वर तांदूळ सारखे केले. हात धुतले, दोनदा.
माई आली. "काय इला काय गो टपालात?" नाही म्हटलं. पासष्टाव्या वर्षी मी हे करतेय.

२५ जानेवारी, रविवार
विहिरीपाशी रेंज मिळते. मीराचा व्हिडिओ कॉल. आजवर माई नुसती हसून फोन माझ्या हातात द्यायची. आज दिला नाही.
सिनेमातली म्हातारी कासवीण समुद्राला साकडं घालते ना, ते माईला पाठ. तिच्या मते ते आपलं गाऱ्हाणंच. हात जोडून उभी राहिली आणि देवळात घालतात त्या चालीवर गाऱ्हाणं घातलं, इंग्रजीत. हे समुद्रा, ही माझी नात. हिला ताप नको, हिला थंडी नको, हिला भांडखोर मैत्रीण नको. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'म्हाराजा'. क्रियापदं बरीचशी चुकली. मी मध्ये सुधारायला गेले, तर मला हातानं गप्प केलं.
मीरा तोंड उघडं टाकून बघत होती. मग विचारलं, म्हाराजा म्हणजे कोण? माईनं तिला सांगितलं, मी थांबले की तू 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पोरीनं तीनदा म्हटलं. चौथ्यांदा तिचे आईबापही मागून ओरडले.
मी दोर-कळशी घेऊन पाणी काढत बसले. पाणी नको होतं.

८ फेब्रुवारी, रविवार
रात्री झोप नाही, जेवणावर मन नाही. पिंपाला वळसा घालून जाते. चौथं पुस्तक दुसऱ्यांदा वाचतोय. माई तक्रार करत नाही. तिनं एकदा तरी विचारावं, पाचव्याचं काय झालं म्हणून. विचारत नाही.
प्रसादला खोटं सांगितलं, पोचायचंय अजून. तो म्हणाला, चौकशी करतो. करू नको म्हटलं. घाईनं म्हटलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज सांगायचं ठरवलं. माई केर काढत होती. पिंपात कोपरापर्यंत हात घातला, पुस्तक काढलं, झटकलं. उघडलं तर पानापानावर हळदीचा अंगठा. शेवटून बाराव्या पानात आंब्याचं सुकं पान, खूण म्हणून.
मी तशीच जमिनीवर बसले.
"माई, कधीपासून?"
"तुझो डोळो लागता ना दुपारचो, तेवा. तांदूळ ह्या घरात कोण काढता? हाताक लागलां त्याच दिवशी."
"दुसऱ्या पिंपातले?"
"पयल्यात किडे झाले. तुका खंय ठावक."
"मग बोलली का नाहीस?"
"तू सांगूक नाय, मगे मी कित्याक सांगू?" केरसुणी भिंतीला टेकवली. "संपलां की जावचा लागतला. म्हणान हळूहळू वाचतंय."
मी न शिकवता जवळजवळ सगळं पुस्तक. एवढं येत होतं तिला, आणि रात्री माझ्यापुढे बसून चौथ्यातले तेच शब्द परत परत विचारत होती.

९ मार्च, सोमवार
पहाटे गाडी माईला घेऊन गेली, गोव्याच्या विमानतळावर. रडली नाही. मीही नाही. परतीच्या तिकिटाचं प्रसाद म्हणाला, बघू. पुस्तक संपवून निघाली, असं मी धरून चालले होते.
भात टाकायला तेच पिंप उघडलं. वरच पुस्तक. मागच्या कोऱ्या पानावर माईचं इंग्रजी, अक्षर बालवाडीचं. मराठीत उतरवून ठेवते:
कोंबड्या मासेवाल्या रुक्मिणीला. तांबडी कापायची नाही.
पहिली चार पुस्तकं वाडीच्या शाळेला.
देवातली समई प्रसादची, पण तो मागायला येईल तेव्हाच.
निळं लुगडं शालिनीला, नेसायला. कपाटात ठेवायला नाही.
हे पुस्तक शालिनीला. शेवटचं प्रकरण मी वाचलेलं नाही. तूही वाचायचं नाही. मी सांगेन तेव्हा, दोघींनी.
त्याखाली मात्र मराठी अक्षरात: व्हय म्हाराजा म्हण.
म्हटलं. मोठ्यानं. आंब्याचं पान होतं तिथंच ठेवलं आणि झाकण लावलं.