ग्राउंडचा उतार

सर, गेल्या रविवारी शाळेच्या ग्राउंडला तुमचं नाव दिलं. मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. माझ्या आधी बोललेल्या गृहस्थांनी तुमची एक गोष्ट सांगितली, ती खोटी होती. खोटी आहे हे तिथे फक्त मला ठाऊक होतं, कारण ती मीच पसरवली होती. मी खुर्चीत बसून ऐकली. मग उठून दहा मिनिटं बोलले, पण ती दुरुस्त केली नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. ती गोष्ट त्याहून दोन वर्षं जुनी आहे.

गोष्ट अशी सांगतात. गावातली मुलगी पुण्याला फुटबॉल क्लबच्या निवड चाचणीला गेली. तिचे सगळे पास चुकले, कारण आपलं ग्राउंड कालव्याकडे उतरतं होतं आणि तिला चढावर जोरात मारायची सवय लागली होती. तिने येऊन सरांना तोंडावर सांगितलं. सरांनी मोठ्या मनाने मानलं, उन्हाळाभर खपून ग्राउंड सपाट केलं आणि पुढच्या वर्षी तीच मुलगी निवडली गेली. इथे टाळ्या पडतात. रविवारीही पडल्या.

झालं होतं ते असं. चाचणीच्या तीन दिवस आधी सणसरच्या फाट्यावर मी चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढला. कारखान्याकडे जाणारी ट्रॉली गतिरोधकाशी हळू झाली की मागून पळायचं आणि बाहेर आलेला ऊस धरून खेचायचा, हे आम्ही सगळ्याच करायचो. तुमची सक्त ताकीद होती. "ऊस पायजे तर माझ्या रानात या, मोळी बांधून देतो. ट्रॉलीमागं दिसलात तर बूट काढायचे आन् घरी बसायचं." तो ऊस अर्धा निघाला आणि अडकला. मी सोडला नाही. ट्रॉलीने वेग घेतला आणि माझा डावा घोटा आत वळला. मी उजव्या पायाने खेळते, म्हणजे पास मारताना सगळा भार डाव्यावर येतो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला पुण्याला नेलं नसतं. म्हणून घोट्याला पट्टी गुंडाळली, वर दोन मोजे चढवले आणि नडगीला तुम्ही दिलेले शिनगार्ड बांधले. ठिबकच्या मेन लाइनचा उरलेला पाइप उभा कापून, उकळत्या पाण्यात वाकवून, आतून गोणपाट चिकटवून तुम्ही ते प्रत्येकीच्या मापाने केले होते.

चाचणी चाळीस मिनिटांची होती. डाव्या पायावर उभं राहता येत नव्हतं, म्हणून मी घाईने मारत होते आणि प्रत्येक चेंडू पुढच्या मुलीला ओलांडून जात होता. निवड करणाऱ्या बाईंनी बाजूला बोलावून विचारलं, "एवढ्या जोरात का मारतेस? कुठे शिकलीस?" मी म्हणाले, "आमच्या ग्राउंडला उतार आहे." त्या हसल्या. उत्तर तिथल्या तिथे सुचलेलं होतं, पण बरं होतं. मी ते घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलींना न्यायला आलेल्या आया नळापाशी उभ्या आहेत. तुम्ही विचारता, "काय झालं गं पुण्यात?" आणि मी सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात सांगते की तुम्ही आम्हाला उतारावर शिकवलंत, त्यामुळे सपाट ग्राउंडवर आम्हाला काहीच येत नाही.  मग निरवांगीची एक आई म्हणाली, "म्हंजी तीन वरसं मास्तर आमच्या पोरींस्नी वाकड्यातच पळवत्यात व्हय?" दुसरी म्हणाली, "तरीच! आमची घरात बी कामाच्या उलटीकडंच घरंगळती." सगळ्या हसल्या. तुम्हीही थोडं हसलात. मग ग्राउंडकडे बघून म्हणालात, "तू पुण्याचं बघून आलीस. तू म्हणतीस तर असंल."

पुढच्या आठवड्यात चौदापैकी सहा मुली यायच्या बंद झाल्या. मुलींना अर्ध्या चड्डीत पळवणं तसंही त्यांच्या घरी फारसं पटलेलं नव्हतं. कारण हवं होतं, ते मी पुरवलं. सुट्टी लागल्यावर तुम्ही कुणाच्या तरी ट्रॅक्टरला माती ओढायची पाटी लावून आणलीत, कालव्यातून काढलेला गाळ खालच्या बाजूला टाकलात. मी सकाळी सायकलवरून क्लासला जाताना बघत होते. थांबले नाही. घोटा तोवर बरा झाला होता.

पुढच्या वर्षी निवडले गेले. तुम्ही गेलात तेव्हा क्लबच्या वसतिगृहात होते आणि दुसऱ्या दिवशी पोहोचले. त्यानंतरचं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. मध्ये खंड पडत आठ हंगाम खेळले, तीन क्लब, सगळे खालच्या श्रेणीतले. करार व्हायचे, पण हंगामापुरते. जागा तीच, बचावफळीच्या पुढे. माझं काम चेंडू काढून घ्यायचा आणि जवळच्या मुलीला द्यायचा, एवढंच. पेपरात नाव यायचं नाही. सकाळी सराव, दुपारी सिव्हिलचं कॉलेज, नंतर नोकरी. सामन्यांसाठी बिनपगारी रजा. स्वतःची जर्सी स्वतः धुवायची, वाळली नाही तर ओली घालायची. वरच्या श्रेणीत जायची संधी एकदा आली. शेवटचा सामना बरोबरीत सुटला आणि ती गेली. गेल्या वर्षी क्लबने करार वाढवला नाही. कारण विचारलं नाही; एकोणतीस वय हेच कारण. आता बारामतीत सर्व्हेचं काम करते. ते मला चांगलं येतं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सर्व्हेची लेव्हल आणि मोजपट्टी घेऊन ग्राउंडवर गेले. भर टाकताना तुम्ही कोपऱ्यांचे जुने दगड हलवले नव्हते, खालचे दोन फक्त गाळात पुरले गेले होते. ते उकरले आणि चारही दगडांच्या माथ्यांची पातळी घेतली. ऐंशी मीटरला अडतीस सेंटिमीटर. रीडिंग दोनदा घेतलं. एखादा मीटर निघाला असता तर मला म्हणता आलं असतं की काहीतरी तथ्य होतं. अडतीस सेंटिमीटरने चौदा मुलींचे पास बिघडत नाहीत.

रविवारी कार्यक्रम संपल्यावर तुमच्या घरी, काकूंकडे गेले. त्या भाकरी थापत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ट्रॉलीपासून. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मग आता काय, ग्राउंड परत तिरकं करायचं?" मला वाटलं विषय संपला. पण भाकरी उतरवल्यावर त्या म्हणाल्या, "ह्ये त्या सहाबी घरी गेलं हुतं. पोरी धाडा म्हून हात जोडलं. एका घरात बस बी म्हणलं न्हायीत. मला सांगून काय उपेग? मी काय पोरगी काढून घेतली न्हवती. तिकडं जा." मग माझ्यापुढे ताट सरकवलं. "आधी जेव."

तुम्ही घरोघर गेलात हे मला माहीत नव्हतं. त्या सहांमधली कळंबची एक मुलगी तुम्हाला आठवत असेल. तिचा डावा पाय माझ्या दोन्ही पायांपेक्षा चांगला होता. तुम्ही ते माझ्यासमोर म्हणाला होतात आणि मला राग आला होता. तिचं अठराव्या वर्षी लग्न झालं. ती आली असती तर काय झालं असतं हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. पण तिच्या आईने तुमच्याविषयी इतकी वर्षं जो समज करून घेतलाय, तो मला दुरुस्त करता येईल. सहा घरांची यादी केली आहे. चार पत्ते मिळाले. हे पत्र काकूंना देणार नाही, कुठे छापायलाही देणार नाही. त्या सहा घरी तोंडाने सांगायचं आहे, आणि लिहून टाकलं की सांगितल्यासारखं वाटतं, हे माझ्या लक्षात आलं आहे.

बुधवारी साइटवरून परत येताना कळंबला तिच्या आईकडे गेले. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "रानात गेल्यात. थांब की, अर्ध्या तासात येत्यातच. च्या टाकती." मी म्हणाले, मला काम आहे. काम नव्हतं, सर.