कोळंबीचा पहिला रोल

रविवार, संध्याकाळ

रोल गुंडाळायला मागवलेले तांदळाचे पातळ कागद, राइस पेपर, मीच घालवले. साबुदाण्यासारखे भिजत ठेवले, लगदा झाला. खोपोलीहून आणलेली कोळंबी उकडलेली, गाजर-काकडी चिरलेली, आणि मी रडवेली. आता सासूबाई बोलणार!

त्या पातेल्यात डोकावल्या. "ही तर पापडाची फेणीच हाय गं. आमी वाफवून वाळवतो, तू ओलीच गुंडाळ." त्यांनी तांदळाचं पीठ पातळ कालवून ताटलीवर पसरलं, वाफवलं, ओल्या बोटांनी सोडवलं. एकही फाटली नाही. मी आधीच का नाही विचारलं?

या घरात पहिलं वाढायचं ते माझ्या नवऱ्याला. आज सासूबाईंनी पहिला रोल माझ्या ताटात ठेवला. तो बघतच राहिला.

"तिनं केलेत, पयला तिला."

केले तर त्यांनीच होते.