हसायला दोघं लागतात

ता. ४ जून

चि. भिंगरीस अ. उ. आशीर्वाद.

दोन महिने तुझं पत्र नाही. पायाला भिंगरी लावून कुठे हिंडते आहेस?

परवा नाट्यगृहात तरुण मुलांचा विनोदाचा कार्यक्रम होता. जुना प्रहसनकार म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. एका मुलाने सांगितलं, बापाचं प्रेत लिफ्टमध्ये आडवं मावेना, म्हणून उभं करून आणलं, आणि चौथ्या मजल्यावर आत शिरलेल्या शेजाऱ्याने त्यालाच वेळ विचारली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मग मला बोलावलं. बहिरा सासरा आणि तोतरा जावई यांचा माझा जुना प्रवेश मी म्हणून दाखवला. पूर्वी त्यावर हशा ओसरेपर्यंत पडदा पाडायला थांबावं लागे. परवा कुणीतरी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या, तेवढंच.

शब्दाला शब्द घासून ठिणगी काढणं संपलं म्हणायचं. मेलेल्या बापावर लोकांना हसू येतं तरी कसं? चालत घरी आलो. कुलूप उघडताना वाटलं, हे सांगायला वहिनी तरी हवी होती तुझी.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा दादा

ता. ११ जून

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

माझ्या पायाला भिंगरी नाही, कारण पायच नाही. घाबरू नकोस, एक आहे. अंगठ्याची जखम चिघळली, साखर आटोक्यात येईना, शेवटी उजवा पाय गुडघ्याखालून काढला. सहा आठवडे झाले. तुला कळवू नको असं मीच मुलाला बजावलं होतं.

म्हातारपणी एक पाय मसणात म्हणतात ना? माझा खरंच पोचला. जागा धरायला पुढे पाठवलाय.

हे मी वॉर्डात म्हटलं, तर सूनबाई रडत बाहेर गेली. शेजारच्या खाटेवरची शिवणकामवाली मात्र टाके ताणले जाईपर्यंत हसली. तिचा डावा गेलाय. दोघींत मिळून चपलांचा एकच जोड घ्यायचा आम्ही ठरवलं, पण तिचा पाय सात नंबर, माझा पाच. जोडी जमली नाही.

तुझ्या त्या मुलाचा बाप खरंच गेला असेल रे. रडणाऱ्यापासून लोक लांब सरकतात, हसवणाऱ्याजवळ बसतात. त्याला कुणीतरी जवळ बसायला हवं असेल.

आता मी घरी आहे. हसून उत्तर पाठव, एवढा लोभ कर.
तुझी भिंगरी

ता. १६ जून

चि. भिंगरीस अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पायाखालची जमीन सरकली. धीर सोडू नकोस. औषधं वेळेवर घे, गोड वर्ज्य कर, मन शांत ठेव. आणि असले विनोद करू नकोस, ऐकणाऱ्याचा जीव तुटतो.

देव तुला बळ देवो. लोभ आहेच.
तुझा दादा

ता. २३ जून

ति. दादास सा. न.

तू पायाखालच्या जमिनीबद्दल लिहिलंस, मला. पूर्वी असं लिहून गेला असतास तर आधी तूच जीभ चावली असतीस, मग दोघं हसलो असतो.

इथे सगळे हळू आवाजात बोलतात. मुलगा दारातूनच विचारतो, काही हवंय का. मी नको म्हणते, तो जातो. शिवणकामवाली मंगळवारी गेली. तिच्या लेकीने फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर मला तिच्याबद्दल एक भयंकर विनोद सुचला, तिलाच आवडला असता असा. दिवसभर तोंडात धरून बसले. हसायला दोघं लागतात, दादा.

जास्त काय लिहू.
भिंगरी

ता. २७ जून

चि. भिंगरीस अ. उ. आशीर्वाद.

घाबरलो होतो ग. म्हणून ते डॉक्टरी पत्र लिहिलं. आज दुपारी स्वयंपाकघरात तुझं आधीचं पत्र पुन्हा काढलं. ‘जागा धरायला पुढे पाठवलाय’ इथे आलो आणि जो फुटलो, तो ओट्याला धरून खाली बसलो. आवाज ऐकून खालचा कंपाउंडर धावत वर आला. रडताय का, म्हणाला. मी म्हटलं, नाही हो, बहिणीचा पाय कापला, आणि परत हसत सुटलो. तो पाठ न फिरवता जिना उतरला.

विनोद संपलेला नाही, भिंगरे. कुणाला काही दुखू नये अशा बेताने मीच लिहीत आलो, आणि गेली चार वर्षं तेही नाही. कारण सांगतो. वहिनी गेली त्या सकाळी ती मला काहीतरी म्हणाली आणि आम्ही दोघं इतके हसलो की नर्स रागावली. तासाभराने ती गेली. शेवटच्या तासात मी हसत होतो, याची मला आजवर लाज वाटते. ती काय म्हणाली, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तुला सांगायचंय. पत्रात नाही, समोर बसून. शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतो. मुलाला सांग, मामा बरेच दिवस राहणार आहे आणि मोठ्याने बोलणार आहे. तुझा तो भयंकर विनोदही तोवर गिळू नकोस.

लोभ घेऊन येतोय.
दादा