आर्नेच्या गॅरेजसाठी शेगडी

फेअरबँक्स, अलास्का

प्रिय आई,

आर्ने आता ठीक आहे, हे आधीच लिहिते. तुझा जावई जेवतो, कुरकुरतो आणि अर्धवट राहिलेल्या होडीसाठी माझं डोकं खातो.

गेल्या आठवड्यात तो गॅरेजमध्ये रंधा मारता मारता भोवळ येऊन पडला. मी कॉफी घेऊन गेले म्हणून कळलं. रॉकेलची शेगडी पेटवली की विषारी वायू कोंडू नये म्हणून दार चार बोटं उघडं ठेवायचं असतं. यानं ते घट्ट लावून फटीत टॉवेल कोंबला होता. मी ओरडले, तर म्हणतो, "तुझी आईच म्हणते ना, दार लाव, बाहेरचं जग तापवायचंय का?" आपण सगळेच तसे वाढलो, आई. तुझ्यावर राग नाही.

बाबांची लाकडं जाळायची शेगडी पाठवू नकोस. भुसा आणि व्हार्निशजवळ मला ठिणगी नको. मी भिंतीवरची बंदिस्त शेगडी ठरवली आहे. ती तेलावर चालते, हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेर टाकते.

आर्ने म्हणाला, "जाळच दिसत नाही, त्यात काय मजा?"

मी म्हटलं, "जाळ बघायचा तर घरात माझ्यासमोर बस."

नवी शेगडी बसेपर्यंत गॅरेजची किल्ली माझ्याकडे आहे.

तुझा गुडघा कसा आहे? आणि मागच्या खोलीतली रॉकेलची शेगडी? तू तिथं दार लावूनच विणत बसतेस, मला माहीत आहे. शेजारच्या रॅग्नरला सांगून ती आजच बाहेर काढ. मला उत्तरात "काढली" एवढंच लिही, बाकी काही नको.

तुझ्याइतकीच हट्टी,
सोल्वेग