नावेच्या चित्रावरचा डिंक

४ मार्च, सोमवार

"मेणच होतं ना, काका?" ताईने विचारलं आणि मी म्हणालो, "हो, मेणच." झालं! चौतीस वर्षांपूर्वी हे खोटं एकदा बोललो होतो, आज दुसऱ्यांदा. तेव्हा निदान घाबरून बोललो. आज विचार करायला वेळ होता, तरी बोललो.

वाचनालयाच्या मोठ्या भिंतीवरचं नावेचं चित्र साफ करायला समितीने ही केमिस्ट ताई आणली आहे. चित्रावर तपकिरी थर चढलाय, नावेतल्या माणसांना कावीळ झाल्यासारखी दिसते. तो थर माझ्या हातचा. तेव्हा मी इथे शिपाई. भिंत पुसताना फडक्याला निळा रंग लागला. ग्रंथपालसाहेबांनी बजावलं होतं, "नुसतं झटकायचं, बाकी हात लावायचा नाही!" रंग आणखी निघू नये म्हणून मी रविवारी सुताराचा पांढरा डिंक पाण्यात निम्मा-निम्मा करून दोन हात मारले. सोमवारी भिंत चकाकली. साहेब खूश. "काय लावलंस रे?" मी म्हटलं, "थोडं मेण." त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नोंदवहीत मेण लिहून सही केली. साहेब गेले. वही आहे.

आता मी नावालाच आहे इथे — किल्ल्या सांभाळतो, खिडक्या उघडतो.

५ मार्च

ताईकडे दोन बाटल्या. मोठी मेणासाठी, छोटी डिंक-प्लास्टिकच्या थरासाठी. दोन्ही नितळ, मला पाणीच वाटलं. ती हसली. "पाणी आहेच काका, पण त्यात तेलकट रसायन, साबणाच्या जातीचं एक आणि थोडं अल्कोहोल."

मी म्हटलं, "मग घुसळून हात दुखत असतील तुझे."

"छे! प्रमाण जमलं की आपोआप एकजीव होतं. मायक्रोइमल्शन म्हणतात." दुधातले चरबीचे थेंब मोठे, उजेड त्यांच्यावर आपटून विखुरतो, म्हणून दूध पांढरं. यातले थेंब इतके बारीक की उजेड जवळपास सरळ पार होतो. वर्षभर ठेवा, तेल वर येत नाही. तिने लाल उजेडाची पेन्सिल आधी पाण्याच्या ग्लासातून मारली — काही नाही. बाटलीतून मारली — आत लाल रेघ! "हे थेंबच दिसतायत, काका."

मी सातवी पास. तरी ती सगळं समजावून सांगते. म्हणून जास्तच लाज वाटते.

७ मार्च

आज जीवच गेला होता. मोठी बाटली मी उचलून खिडकीत ठेवली, टेबल पुसायला. ऊन लागलं आणि बाटली पांढरीफटक! मी वाटोळं केलं म्हणून तिच्याकडे धावलो. ती शांत. "उष्णता लागली की हे गढूळ होतं. सावलीत ठेवा, येईल ताळ्यावर." अर्ध्या तासात पुन्हा नितळ. ताई म्हणाली, "चेहरा काय पांढरा पडलाय तुमचा! बाटलीपेक्षा जास्त."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बरं वातावरण होतं.

८ मार्च

ताईने कागदाचा लगदा मोठ्या बाटलीतल्या पाण्यात भिजवून भिंतीवर लावला. काही सुटलं नाही. मेण असेल तर सुटेल ना!

११ मार्च, सोमवार

पुन्हा नाही. मी म्हटलं, "छोटी बाटली लावून बघ." एवढंच. ती म्हणाली, "उगाच लावली आणि खालचा रंगच मऊ पडला तर? थराचा कपचा तपासायला पाठवलाय, पण निकालाला तीन आठवडे. आणि समिती अठराला येणार." अठराला काही दिसलं नाही तर भिंतीला कपाटं लावायची असं ठरलंय.

घरी सून ओरडली, "बाबा, अहो समोर उभे आहात आणि दूध उतू जातंय!"

१२ मार्च

ताईने लगदा दुप्पट वेळ ठेवला. मग पात्याने हलकेच थर उचलायला गेली आणि नावेचा काठ धरलेल्या छोट्या मुलीची तीन बोटं निघून आली. खाली उघडा चुना. ताई पातं पुसत राहिली. पुसून झालेलं पातं पुसत राहिली.

१३ मार्च

सांगितलं. "डिंक होता. मी लावला."

ती स्टुलावर बसली. "पाणी किती घातलं होतं? किती हात? ब्रशने की फडक्याने?" डॉक्टरसारखी. एक शब्द रागाचा नाही. मी थांबायचं ना तिथेच! पण म्हणालो, "ताई, माझं नाव नको. इतकी वर्षं सगळे मान देतात."

ती स्टुलावरून उठली. मग, "बरं."

आणि मी घरी येऊन पोटभर जेवलो! आठ दिवसांनी जेवण गेलं. लिहायलाही शरम वाटते.

१५ मार्च

छोटी बाटली लावली. थर फुगला, पांढरा झाला आणि दुधावरची साय ओढावी तसा सोलून आला. ताई म्हणाली, नुसतं डिंक विरघळवणारं रसायन चोपडलं असतं तर डिंक पातळ होऊन भिंतीच्या पोटात शिरला असता. यात बहुतेक पाणीच. भिंतीची छिद्रं आधी पाण्याने भरतात, डिंकाला आत वाट राहत नाही.

नदी निळी निघाली. खूपच निळी. मुलीचा हात मात्र तसाच, तीन बोटं कमी.

१८ मार्च, सोमवार

समिती आली. निळी नदी कोणी बघितली नाही, सगळे बोटांपाशी.

अध्यक्ष म्हणाले, "मेण की डिंक हे न बघता हात घातलात? वही जुनी. इथल्या कोणाला विचारलं नाही?"

ताई म्हणाली, "नाही. चूक माझी."

मी दाराशी पाण्याचे ग्लास घेऊन उभा. तिने माझ्याकडे मान वळवली नाही. मी बोलेन, आता बोलेन म्हणत ग्लास वाटत गेलो. उरलेलं काम दुसऱ्याला देणार. तिचा अहवाल वर जाणार, पुढे कुठली भिंत तिच्या हाती देतील का, देव जाणे. दुपारी पेटी उचलून गेली. "येते काका. खिडकीला पडदा लावून घ्या, ऊन येतं."

१९ मार्च

समितीची आज पुन्हा बैठक. आत शिरलो आणि सगळं सांगितलं — रविवार, डिंक, दोन हात, ताईने विचारलं तेव्हा मी काय म्हणालो ते.

अध्यक्ष उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्या पोरीला वाचवायला या वयात सगळं स्वतःवर घेताय! काका, काय मन आहे तुमचं."

"नाही हो, खरंच मीच—"

"बसा, बसा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने खुर्ची पुढे केली. मी बसलो.