चाफ्याखालची गळती

आई,
तू झोपलीस, म्हणून उठवलं नाही. नवी पाइपलाइन पुरून झाली. अंगणातली माती अजून ओली आहे, जपून चाल.

जुनी लाइन चाफ्याच्या मुळाशी गळत होती. त्यावरून मी बाबांशी किती भांडायचो! ते नुसते हसायचे. काल खणल्यावर जोडावर तुझ्या हिरव्या साडीची चिंधी निघाली. कान्हा प्लंबर म्हणाला, "मुद्दाम सैल बांधलीय ही. पानी झाडाला जावं म्हनून."

आज अंगण गप्प आहे. ती झुळझुळ लहानपणी माझ्या स्वप्नांतही यायची.

चाफ्याला दोन बादल्या घातल्यात, संध्याकाळी तू घाल. उशाशी रोज त्याचीच फुलं ठेवतेस. बाबांनी आयुष्यात एक फूल दिलं नाही, असं आता म्हणू नकोस.

— सुहास