निजलेलं पाणी

सोलापूर,
२२ जानेवारी २०२४

चि. नागेश यास,
आईचे अ. उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. म्हणजे तू कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या बहिणीला पाठवलास, अंकितानं तो चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि मी चष्मा लावून दोनदा वाचला. झेरॉक्सवाला मधल्या दोन-चार ओळी वाचून घेतो असा मला दाट संशय आहे. तेव्हा मुलीबिलीचं काही असेल तर वेगळ्या कागदावर लिहीत जा.

जहाजाच्या पोटात तुमची खोली इंजिनाला लागून आहे, घरघर थांबत नाही म्हणून झोप लागत नाही असं लिहितोस. बाळा, टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवत माझा जन्म गेला. भिंतीपलीकडं माग धडधडायचे, त्यांनी माझे कान नेले. तू आत्तापासून कानात कापूस घालत जा. माझं आता बरं चाललंय. गड्ड्याच्या जत्रेत सगळं सोलापूर पिपाण्या वाजवत होतं आणि मी निवांत चुरमुरे खात बसले होते. फोनवर ऐकू येत नाही म्हणून तरी तुम्ही पोरं मला पत्रं लिहिता, हाही फायदाच की.

धोंडीराममामा केळीचा घड घेऊन आला होता. तुझी चौकशी करत होता. भाचा स्वयंपाकी झाला की अजून बटाटेच सोलतोय, असं त्यानं विचारलंय. तूच त्याला उत्तर दे.

पोटभर जेव आणि आईवर लोभ ठेव, बाकी ख्यालीखुशाली ठीक.

तुझी,
आई


नारळबेट,
९ फेब्रुवारी २०२४

ती. आईस,
नागेशचा शि. सा. न. वि. वि.

मामाला सांग, बढती झाली. आता कांदे सोलतो.

या बेटाचं खरं नाव आम्हा कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून स्वयंपाकघरातली पोरं त्याला नारळबेट म्हणतात. जहाज महिन्यातून एकदा इथं दिवसभर थांबतं आणि आम्हाला थोडी सुट्टी मिळते. शांत किनारा शोधायची माझी आता एक पद्धत झाली आहे. जहाजातून उतरलेले लोक जिकडं जातात, त्याच्या उलट चालायचं. रंगीत छत्र्या, गाणी आणि फुगवलेल्या होड्या दिसल्या की समजायचं, हे आपलं नाही. मग मासे वाळत घालणाऱ्या बायका असतात, त्यांना विचारायचं. भाषा येत नाही, पण कानांवर हात ठेवून डोळे मिटले की त्यांना बरोबर कळतं. खूप हसतात आणि बोट दाखवतात.

आज त्यांनी दाखवलेला चढ चढून गेलो, तर पलीकडं छोटासा किनारा. एक नारळवाली म्हातारी सोडली तर कुणी नाही. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फेसाच्या लाटा फुटतात, पण मधोमध एक पट्टा आहे, गडद आणि गुळगुळीत, अगदी आपल्या उजनी धरणाच्या पाण्यासारखा. मला मामाच आठवला. केळीच्या खोडावर पालथं घालून त्यानं मला पोहायला शिकवलं, तेव्हा एकच गोष्ट घोकून घेतली होती. पाणी जिथं थरथरतं तिथं खाली बुडालेल्या गावाच्या भिंती नाहीतर बाभळीची खोडं असतात. पाणी जिथं निजलेलं असेल तिथंच उतरायचं. आज वेळ नव्हता, पाय तेवढे भिजवले. म्हातारी हात हलवून काहीतरी ओरडत होती, नारळ घे म्हणत असावी. पुढच्या खेपेला घेईन आणि पोहेनही.

जूनमध्ये माझा करार संपतो. नंतर घरच्या माणसाला एकदा बरोबर आणता येतं म्हणतात. तू ये. शांतता मिळाली असं तू सगळ्यांना सांगतेस, पण कान गेले तरी डोक्यातले माग चालूच असतात, हे तू एकदा मला सांगितलं होतंस. ते इथं थांबतात का बघू.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
नागेश


सोलापूर,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. नागेश यास,
आईचे अ. उ. आ.

येते मी. लिहून टाकलं, आता माघार नाही. जहाजावर साडी चालते ना, तेवढं विचारून ठेव. अंकिता म्हणाली, तू समुद्र बघशील आणि भाकरीचं पीठ कुठं मिळतं ते विचारशील. विचारीनच.

तुझ्या पत्रातला त्या पट्ट्याचा भाग मी धोंडीरामला वाचून दाखवला. त्याची छाती अशी फुगली की बघायला हवं होतंस. भाचा एवढ्या लांब जाऊनही मामाचं शिकवणं विसरला नाही, असं त्यानं गावात सगळ्यांना सांगितलं. पुढच्या खेपेला मनसोक्त पोह, फक्त जेवून लगेच उतरू नकोस. आणि जहाजाचा पातळ टॉवेल वापरू नकोस. मी काठ शिवून दिलेला आहे ना, तोच ने.

जूनची वाट बघतेय. पत्राला उशीर करून जीव टांगणीला लावू नकोस.

तुझी,
आई


सोलापूर,
३ ऑगस्ट २०२४

चि. धोंडीराम यास,
आक्काचे आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिले, मन रागावलेलंच आहे.

दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवलेली तुझी चिठ्ठी वाचली. देह मिळाला नाही, तेव्हा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, नाहीतर नागेशला गती मिळणार नाही, असं गुरुजी म्हणाले म्हणतोस. गुरुजींनी त्याला जाताना बघितलं का? मार्चमध्ये तो नारळबेटावर उतरला आणि जहाज सुटायच्या वेळी परत आला नाही, एवढंच घडलंय. नोकरी सोडून पळाला, असं कंपनीनं लेखी कळवलंय. तिथल्या पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं. गल्लीतल्या बायका हे ऐकून हळहळतात, पोरानं नाव घालवलं म्हणतात. मला काही वाटत नाही. पळालेला माणूस जिवंत असतो. पळपुट्याची आई म्हणवून घ्यायला मी एका पायावर तयार आहे.

माझ्या जिवंत लेकाचा पुतळा मी जाळू देणार नाही. तू माझा धाकटा भाऊ, तुझ्या हातून असं काही लिहून आलेलं बघून मला घास गेला नाही.

अंकिता डिसेंबरात त्याच जहाजानं जायची आहे, प्रवासी म्हणून. त्याचं शेवटचं पत्र हातात घेऊन ती तो किनारा शोधेल, तिथल्या लोकांना विचारेल. ती येईपर्यंत पुतळ्याचं नाव काढशील तर माझ्या दारात येऊ नकोस.

तरी तब्येतीला जप.

आक्का


मुक्काम टेंभुर्णीजवळ,
११ ऑगस्ट २०२४

ती. आक्काच्या पायावर धोंडीरामचं डोकं.

चुकलं माजं. पोरगी येस्तवर पुतळ्याचं नाव काडनार न्हाय. तू दार बंद करू नगंस.

पर आक्का, मार्चपासनं मी पान्यात उतरलेलो न्हाय. मोटरीच्या पाइपात गाळ अडकला तरी गड्याला उतरवतो. गावातली पोरं पव्हायला शिकवा म्हनून मागं लागत्यात, त्यास्नी मी हाकलून लावतो. का ते कुनाला सांगत न्हाय.

अंकीला माजं एकच काम सांग. तितं पानी कसं हाय ते बगून यायचं. लाटा असत्यात का निजलेलं असतंय, एवडंच. बाकी मला काय बी नगं.

थोरली हायेस, राग धरू नगंस.

तुजा,
धोंडीराम


जहाजावरून,
५ डिसेंबर २०२४

ती. आईस,
अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

झेरॉक्सवाला हे पत्र छापून घरी आणून देईल, ते एकटीनं वाचू नकोस. शेजारच्या बसव्वाकाकूंना बोलावून घे, बस, आणि मग वाच.

काल नारळबेटावर उतरले. सकाळपासून जहाजावर गाणी लावली होती, आज किनाऱ्याचा दिवस म्हणून लोक टोप्या घालून नाचत होते. माझ्या टेबलावरच्या कुटुंबानं आमच्याबरोबर चला म्हणून फार आग्रह केला. मी त्यांना नुसता हात केला. सगळे गेले त्याच्या उलट चालत राहिले. मासे वाळत घालणाऱ्या बायका भेटल्या. नागूनं लिहिलं होतं तसं मी कानांवर हात ठेवून डोळे मिटले. आई, त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकमेकींकडं बघितलं आणि एक जण माझा हात धरून चढापर्यंत आली.

किनारा त्यानं लिहिलाय तसाच आहे. सुंदर आहे, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. नारळवाली म्हातारी तिथंच होती. मी त्याचा फोटो दाखवला. ती उठली, झोपडीत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. त्याची चप्पल, त्याचं घड्याळ, शर्ट आणि तू दिलेला टॉवेल. टॉवेलचा फोटो सोबत पाठवते, कोपरा नीट बघ.

मोबाईलवर भाषांतर करत करत तिच्याशी बोलले. त्या दिवशी ती बाजाराला गेली होती. दुसऱ्या दिवशी आली तर हे सगळं खडकावर घडी करून ठेवलेलं. तिनं ते पोलीस चौकीवर नेलं. पण माणूस पळाला असं जहाजवाल्यांनी आधीच कळवलं होतं, आणि पळालेल्या माणसाची चप्पल कुणाला नको होती. तिनं ती ठेवून घेतली. कुणीतरी येईल अशी तिला खात्री होती.

चप्पल सोडून कुणी पळत नाही, आई. मी खूप विचार केला, दुसरा अर्थ निघत नाही.

आता मामाचं काम. दोन्ही बाजूंना लाटा आहेत आणि मधलं पाणी निजलेलं आहे. म्हातारीनं वाळूत बोटानं काढून मला समजावलं. लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जातं ते याच वाटेनं, म्हणून तिथं लाट फुटत नाही. वरून निजलेलं दिसतं आणि माणसाला आत ओढून नेतं. तिथली मुलं फेसात खेळतात, त्या पट्ट्यात कुणी पाय घालत नाही. आदल्या खेपेला ती ओरडून नागूला हेच सांगत होती. तो तिच्याकडं बघून हसला होता, नंतर घेतो म्हणून नारळाकडं बोट केलं होतं.

मामाला काय लिहू? तू सांगशील तसं लिहीन.

दोन घास खा, एवढंच मागणं.

तुझी,
अंकिता


सोलापूर,
८ डिसेंबर २०२४

चि. अंकितास,
आईचे अ. उ. आ.

टॉवेल बघितला. कोपऱ्यावरची उलटी टीप माझी आहे. सगळ्या कारखान्यात तशी टीप मी एकटी घालायची. आता वाद संपला.

माझा नागेश पळाला नाही. पळाला असता तर किती बरं झालं असतं गं. इतके महिने मी देवाला तेवढंच मागत होते की पोरगं बेइमान निघू दे. तो चांगलाच निघाला. शर्टाची घडी करून ठेवली.

त्या म्हातारीला माझा नमस्कार पोचव. कंपनीला लिही की त्यांनी पळपुटा म्हटलेल्या माणसाची चप्पल सापडली आहे. तू आलीस की पुतळा करू, मी अडवणार नाही. त्या वाळूत तुला शांत वाटलं का, ते तू लिहिलं नाहीस. लिहूही नकोस.

धोंडीरामला लिही की लाटा होत्या. मोठ्या होत्या, भल्याभल्याला निघता आलं नसतं. त्याला मूलबाळ नाही; खोडावर घालून त्यानं हा एकच वाढवला. निजल्या पाण्यात उतर म्हणून त्यानं शिकवलं आणि मनसोक्त पोह म्हणून मी लिहिलं. माझं मी बघते. त्याला हे सोसायचं नाही. लेक गेला, आता भाऊ घालवायचा नाही. मी तोंडानं सांगायला गेले तर तो माझा चेहरा वाचेल, म्हणून तू लिही आणि लवकर लिही.

सांभाळून ये. आता तू एकटीच आहेस मला.

आई


जहाजावरून,
९ डिसेंबर २०२४

ती. मामास,
अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

आईला कळवलं आहेच, आपला नागू त्या किनाऱ्यावरून परत आला नाही. तुम्ही पाणी बघून यायला सांगितलं होतं. मी नीट बघितलं. तिथं फार मोठ्या लाटा असतात, मामा. सगळीकडं लाटाच. कितीही पोहणारा असता तरी निघाला नसता. तुम्ही शिकवलं त्यात काही कमी नव्हतं.

तुमचा हात आमच्या डोक्यावर असू द्या.

तुमची,
अंकिता


मुक्काम टेंभुर्णीजवळ,
२० डिसेंबर २०२४

चि. अंकीस,
मामाचा आशीर्वाद.

तुजी चिट्टी टेंभुर्णीत छापून आनली. लाटा लई मोट्या हुत्या, असं लिवलंस. बरं केलंस.

पोरी, एकदा धरनावर वारं सुटलं हुतं, पानी उसळत हुतं. गावची समदी पोरं उड्या मारत हुती. आपला नागू काटावर बसून राहिला. पोरं भित्रा म्हनून चिडवत हुती, तरी उटला न्हाय. मला म्हनला, मामा, पानी निजलं की जाऊ. माजा शब्द त्यानं कदी मोडला न्हाय. लाट दिसली तर त्यो उतरनारच न्हाय. त्यो उतरला, म्हंजी पानी निजलेलं हुतं.

तुला असं लिवायला कुनी लावलं ते बी मला ठावं हाय. आक्काची ही लानपनापासनंची खोड हाय. आमच्या बापाचा माज्या वाटचा मार ती सोता खायची आन मला लागलं न्हाय म्हनायची.

पुतळ्याला दर्भ मी आननार. बांदनार बी मीच. मग अग्नी कुनी द्यायचा ते आक्का ठरवंल, पर पुतळा माज्या हातानं पान्याकाटी न्हेऊन ठिवीन. त्याला तितवर न्हेनारा मीच हुतो.

आक्काला ह्यातलं काय बी सांगू नगंस. तिनं इचारलं तर एवडंच सांग की मामानं चिट्टी वाचली, लई रडला, आन लाटा मोट्या हुत्या ह्ये मामाला पटलं.

तुजा,
धोंडीराममामा